समान आवाजाचा ठराव

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे बाबा चिखलीच्या एका छापखान्यात आधी अक्षरांचे खिळे जुळवायचे, नंतर तिथेच कॉम्प्युटरवर बसले. शाई पुसट लागलेली, समास वाकडा गेलेली पत्रकं ते घरी आणत. सभेची, मोर्च्याची, हुंड्याविरुद्धची, अंगात येण्याविरुद्धची. आमच्या घरात पिठाच्या डब्याखाली पत्रक, फुटक्या तावदानाला पत्रक, माझ्या हातात पत्रक. त्यामुळे मला एक सवय लागली ती कायमची. जे चुकीचं दिसेल ते लिहायचं, त्याखाली मागणी लिहायची, आणि मागणीखाली स्वतःची सही करायची.

उंद्रीतली आमची वस्तीही तशीच आहे. काहीही ठरवायचं म्हटलं की विहारात बैठक बसते. अध्यक्ष निवडला जातो, कुणीतरी सूचक होतो, कुणीतरी अनुमोदन देतो, आणि विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवला जातो. हातपंपाचा वॉशर बदलायच्या ठरावावर उपसूचना आलेली मी पाहिली आहे. गावातले लोक हसतात. हसू देत. मनात येईल ते ज्याच्या बापाची जमीन जास्त त्यानं करायचं, यापेक्षा वॉशरवर मतदान घेतलेलं मला बरं वाटतं.

तर त्या वर्षी जयंतीच्या आधी बैठक बसली आणि विषय निघाला तो मोटारसायकल रॅलीचा. जयंती समितीचा अध्यक्ष होता माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणते. दादा म्हणाला की आदल्या वर्षी आपली रॅली बाजारातून गेली हे बाजाराला कळलंच नाही. आपल्या पोरांकडे सगळ्या मायलेजच्या गाड्या, शिलाई मशीनसारख्या चालणाऱ्या. एका माणसानं तर रॅलीच्या मधून आपली म्हैस पलीकडे नेली आणि त्या म्हशीनं मानसुद्धा वळवली नाही. बाकीच्यांच्या मिरवणुकीत जाड टायरच्या, धडधडणाऱ्या गाड्या असतात, खिडक्यांची तावदानं हलतात. मग सूचना आली की या वर्षी सगळ्यांनी सायलेन्सर मोकळे करून घ्यावेत. महागाचा तयार सायलेन्सर कुणाला झेपणार नव्हता, म्हणून आहे तोच फोडायचा.

मी उठून विरोध केला. त्याच महिन्यात मी कानाच्या हक्काबद्दल एक पत्रक काढलं होतं. डीजे, भोंगे, कर्कश हॉर्न आणि फोडलेले सायलेन्सर, सगळ्यांना त्यात सारखंच झोडपलं होतं. दुसऱ्यांनी छळलं तर अन्याय आणि आपण छळलं तर अभिमान, हे मला मान्य नाही, असं मी म्हणाले. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी माझ्याविरुद्ध हात वर केले. बाबा तेवढे तटस्थ राहिले. तशी नोंद झाली.

पण ठराव झाल्यावर बाबांची तटस्थता संपली. ते उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली. समतेच्या मिरवणुकीत एकाची गाडी जोरात आणि दुसऱ्याची हळू वाजली तर ती कसली समता? म्हणून सगळ्या गाड्यांचा आवाज समान असावा. उपसूचना एकमतानं मंजूर झाली. मीही हात वर केला, कारण सायलेन्सर बाजूला ठेवले तर समानतेची गोष्ट मला पटलीच असती.

हा ठराव घेऊन सगळे वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याचं दुकान चिखली रस्त्याला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांचे गज करायचं. कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात पत्र्याचे पडदे आणि भोकांची नळी असते, धूर त्यातून अडखळत बाहेर येतो म्हणून आवाज मरतो. तो पडदा फोडला, नळी काढली किंवा खालून ड्रिलनं भोकं पाडली की आवाज सुटतो. एवढं त्यानं सांगितलं आणि विचारलं, कितीचं काम करायचं? दादानं ठराव वाचून दाखवला. वेल्डिंगवाल्यानं डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला.

"समान आवाज म्हणजे? येक गाडी नवी, येक बारा घरची फिरलेली. सारख्या कशा बोंबलतीन?"

दादा म्हणाला, "भोकं सारखी पाड. बाकी गाडी पाहून घेईल."

म्हणून सगळ्या सायलेन्सरना सारखीच भोकं, सारख्याच अंतरावर पाडली गेली. बाबा स्वतः पट्टी घेऊन उभे राहिले. गाड्या सुरू केल्या तेव्हा एक शेळीसारखी ओरडली. एकीतून पिठाच्या गिरणीचा आवाज आला. एक दम्याच्या माणसासारखी खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची. एक तर पहिल्यापेक्षा हळू झाली, ते कसं हे कुणालाच कळलं नाही. दादाची गाडी मात्र सगळ्यांच्या आधी, प्रयोगासाठी केलेली. वेल्डिंगवाल्यानं तिच्या सायलेन्सरचं शेपूट कापून आतलं सगळं सामान काढलं, शेपूट पुन्हा जोडलं आणि काढलेलं भंगारात टाकून दिलं. तिचा आवाज असा होता की पहिल्याच किकला दुकानाच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत. समानतेचा भंग झाला म्हणून बाबा नाराज झाले. अध्यक्षाची गाडी आहे, पुढं राहील, असं सांगून त्यांची समजूत घातली गेली.

इथपर्यंत हे कुठल्याही गावात होऊ शकतं. पुढचं मात्र आमच्याच वस्तीत होऊ शकतं. काहीही करण्याआधी आम्ही निवेदन देतो. रस्ता अडवायचा असो की वृक्षारोपण करायचं असो, आधी निवेदन, त्यावर पोच, आणि देतानाचा फोटो. चोरून काही करायचं नाही, हे बाबांचं आयुष्यभराचं तत्त्व. त्यांनी रात्रभर बसून सुंदर निवेदन तयार केलं. समितीच्या ठरावानुसार दुचाकींच्या सायलेन्सरमध्ये समान बदल करण्यात आले असून त्याची प्रशासनाने नोंद घ्यावी, ही नम्र विनंती. खाली पहिली सही अध्यक्ष म्हणून दादाची.

आम्ही सगळे पोलीस ठाण्यात गेलो. ठाणेदार नवे होते. फोटोसाठी त्यांनी निवेदनाला हात लावला, आम्ही त्यांच्याभोवती उभे राहिलो, फोटो निघाला. मग ते वाचायला बसले. एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"तुम्ही गुन्हा करायची परवानगी मागायला आलात?"

बाबा म्हणाले, "परवानगी नाही साहेब. पूर्वसूचना."

ठाणेदारांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं आणि हे नाव कुठंतरी वाचलंय, असं म्हणत टेबलावरच्या गठ्ठ्यात हात घातला. त्यातून एक कागद ओढून त्यांनी निवेदनाशेजारी ठेवला. दादाच्या चेहऱ्यावरचं फोटोसाठीचं हसू अजून उतरलं नव्हतं. ते तसंच राहिलं आणि खालचा माणूस मात्र निघून गेला.

दादाची पोलीस भरतीत निवड झाली होती. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, वस्तीनं पेढे खाल्ले होते. पण निवड झाली म्हणजे नेमणूक झाली असं नाही. मधे चारित्र्य पडताळणी असते आणि ती आपल्याच ठाण्याकडून होते. हे दोन कागद एकाच टेबलावर येतील, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि आम्ही सगळे स्वतःला फार विचार करणारी माणसं समजतो. दादानं त्या भरतीसाठी जवानीची सगळी वर्षं रस्त्यावर धावून घालवली होती. कधी गोळाफेकीत गेला, कधी लेखीत. वयाची अट आता संपत आली होती. ही गेली तर पुढची भरती त्याच्यासाठी नव्हतीच.

ठाणेदार रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. ते शांतपणे म्हणाले की अजून त्यांनी काही पाहिलेलं नाही आणि काही ऐकलेलंही नाही, म्हणून ते काही लिहीत नाहीत. पण जयंतीच्या दिवशी ते स्वतः चौकात उभे राहतील. या माणसाच्या गाडीचा आवाज कानावर आला की नोंद होईल, आणि नोंद झाली की पडताळणीत ती लिहावी लागेल.

दादा बाबांच्या कानात पुटपुटला, "काका, ते निवेदन वापस घ्या ना."

"पोच मिळालीय," बाबा म्हणाले. "आता वापस घेता येत नाही."

आणि ते खरंच होतं. तेवढ्यात बाबांनी शिपायाकडून शिक्का मारून घेतला होता.

घरी आल्यावर गाडी गप्प करायचे प्रयोग सुरू झाले. वेल्डिंगवाल्याकडचं भंगार केव्हाच गेलं होतं आणि नवा सायलेन्सर घेणं त्या घराला जमण्यासारखं नव्हतं. कुणीतरी सांगितलं की तारेची भांडी घासायची घासणी आत ठासली की आवाज दबतो. काकूनं, म्हणजे दादाच्या आईनं, आपली घासणी दिली. शेजारणींनीही दिल्या. वस्तीतली भांडी त्या दिवशी राखेनं घासली गेली. दादानं सगळ्या घासण्या काठीनं ठासून ठासून भरल्या आणि किक मारली. गाडी अगदी सभ्य बोलायला लागली. काकूनं हात जोडले. मग दादानं खात्री करायला म्हणून अ‍ॅक्सिलेटर पिळला.

पहिली घासणी लालबुंद होऊन बाहेर आली आणि अंगणातल्या सरपणाच्या तुराट्यांच्या ढिगावर पडली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. तुराट्यांनी पेट घेतला, आम्ही हंडे उलटे केले, आणि या सगळ्यात गाडीचा मूळचा आवाज परत आला, जरा मोकळाच होऊन.

"नोकरी लागेस्तोवर घर तरी राहू दे बापा," काकू म्हणाली आणि काळी पडलेली एकेक घासणी चिमट्यानं वेचायला लागली.

मी दादाला सुचवलं की अध्यक्षपदाचा राजीनामा दे, त्या दिवशी घरी बस. सरळ उपाय होता. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचं चारित्र्य तपासायला आले होते. सही करताना अध्यक्ष आणि पोलीस म्हटलं की घरात, हे त्याच्यानं होणार नव्हतं. "उद्या मी वर्दी घालून याच वस्तीत येईन ना व," तो म्हणाला. "कोन्या तोंडानं येऊ?" यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

जयंतीच्या दिवशी विहारासमोर सगळ्या गाड्या निळे झेंडे लावून उभ्या होत्या. दादा आला तो गाडी ढकलत. किल्ली त्यानं काकूच्या कमरेला लावून दिली होती. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, रांगेच्या पुढं जाऊन हँडल धरून उभा राहिला आणि चालायला लागला. आता आमच्यात असं आहे की मिरवणुकीत अध्यक्ष पायी असेल तर कुणी बसून जात नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तसं आहे. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकेकानं गाडी बंद केली. एवढी भोकं पाडून, ती पट्टीनं मोजून, निवेदन देऊन झाल्यावर आमची मोटारसायकल रॅली एकही इंजिन चालू न करता, सगळ्या गाड्या हातानं ढकलत निघाली.

एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर ते सांगून कळणार नाही. डांबर चपलेला चिकटत होतं. घोषणा मी देत होते. एरवी त्या इंजिनांत बुडतात, त्या दिवशी लांबच्या गल्लीपर्यंत जात होत्या, त्यामुळे घसा सांभाळून चालेना. बाजारात लोक दुकानाबाहेर आले. एकानं विचारलं की पेट्रोल संपलं का बे सगळ्याइचं? दुसऱ्यानं खरंच प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणून दिलं. एका म्हातारीला वाटलं की कोणीतरी वारलं. तिनं दादाच्या गाडीला नमस्कार केला आणि विचारलं की कोन होतं ते.

ठाणेदार चौकात होते. सावली फक्त रसवंतीपाशी, म्हणून ते रसवंतीपाशी उभे होते. आणि त्या रसवंतीचं इंजिन हे आमच्या गावातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं यंत्र आहे. त्याला सायलेन्सर नावाची गोष्टच नाही, नुसता पाइप वर आकाशात गेलेला. त्याच्या शेजारी उभं राहून विमान उतरलं तरी ऐकू येणार नाही. आम्ही चौकात पोचलो. ठाणेदारांना आमची तोंडं हलताना दिसत होती, गाड्या सरकताना दिसत होत्या, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. ते रसाचा ग्लास घेऊन पुढे आले. त्यांनी दादाला थांबवलं, खाली वाकले आणि गाडी चालू होती की नाही हे तपासायला सायलेन्सरवर तळहात टेकवला.

हात त्यांनी असा मागे घेतला की रस शिपायाच्या अंगावर सांडला.

"तापलाय. आत्ता चालवत होता. वळणावर उतरला."

दादा म्हणाला की साहेब, ऊन आहे, सगळ्याच तापल्यात. ठाणेदारांनी शेजारच्या गाडीला हात लावून पाहिला नाही, एकदा पोळलं तेवढं पुरे होतं. मागून सगळे एकदम सांगायला लागले की विहारापासून ढकलत आणली, शपथ घेऊन सांगतो. ठाणेदार म्हणाले, तुम्ही सगळे एकाच वस्तीतले, एकाच ठरावावर सह्या करणारे, तुमचं काय धरायचं? त्यांनी खिशातून पेन काढलं. मी दादाकडे पाहिलं. धावून धावून कमावलेलं त्याचं अंग त्या हँडलवर वाकलं होतं.

मग त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"इले विचारा साहेब. ही माह्या विरोधात हाय."

ठाणेदारांनी मला ओळखलं. माझं ते कानाच्या हक्काचं पत्रक त्यांच्या ठाण्यातही मीच नेऊन दिलं होतं. त्यांनी मला विचारलं की गाडी चालू केली होती का? मी सांगितलं की नाही. विहारापासून चौकापर्यंत एकदाही नाही, किल्लीसुद्धा घरी आहे. मग जीपमधून पडताळणीचा कागद काढला, बॉनेटवर ठेवला, आणि चोरी, मारामारी, दारू असं विचारत गेले. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. तेही खरंच होतं. शेवटी त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायला पेन पुढं केलं.

मी म्हणाले, "साहेब, सायलेन्सर मात्र फोडलेला आहे. आतलं सगळं काढलंय."

मागे एवढी शांतता झाली की रसवंती नसती तर ऐकू आली असती.

"ते मी विचारलं नाही," ठाणेदार म्हणाले.

"मी सांगितलं. त्याची वर्तणूक चांगलीच आहे. त्यानं जे केलं ते मतदान घेऊन केलं आणि तुम्हाला येऊन सांगितलं. पण मी नुसती सही केली तर सायलेन्सरही मला मान्य आहे असा अर्थ होईल. मला माझा विरोध नोंदवायचाय."

दादानं डोळे मिटले. ठाणेदारांनी आपल्या पोळलेल्या तळव्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा मान डोलावत होते. त्यांच्या दृष्टीनं हीच रीत होती.

"लिही बाई," ठाणेदार म्हणाले. "जागा उरली असेल तर लिही."

जागा होती. वर्तणूक चांगली, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याखाली मी लिहिलं : सायलेन्सरबाबत मतभेद कायम. आणि सही केली.

दादा माझ्याशी बोलेनासा झाला. काकूनं आमच्या घरी भाजी पाठवणं बंद केलं. आता जे काय व्हायचं ते बुलढाण्याला, जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात होणार होतं. तो कागद तिथं कुणीतरी वाचणार होतं, आणि ते वाचून काय करेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बाबासुद्धा पोच असल्याचं सांगून कुणाला धीर देऊ शकत नव्हते. बोलावणं आलं तेव्हा दादा पहाटेच्या बसनं एकटाच गेला. मी दारात उभी होते, तो माझ्याकडे न पाहता समोरून गेला.

दुपारी त्याचा फोन आला. मागं बसस्टँडची गडबड होती, कुठल्या गाडीची तरी घोषणा चालली होती. तो म्हणाला, "लागलो व."

मग तो म्हणाला की तुझं ते खालचं वाक्य तिथल्या मोठ्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं. सायलेन्सरबाबत मतभेद म्हणजे काय, असं विचारलं. त्यानं उभ्यानं सगळं सांगितलं, ठरावापासून. बाकीच्या टेबलांवरची कामं थांबली. साहेबांनी शेवटी विचारलं की असा वाजत तरी कसा होता तो? आणि ते उत्तराची वाट पाहत बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. काढून दाखवला."

"तोंडानं?"

"हाव. पयले हळू काढला. ते म्हनले, एवढाच? मंग काढला जोरात." मग त्यानं विचारलं, "काऊन लिहिलं व तू ते?"

"खरं होतं म्हणून," मी म्हणाले.

पलीकडे पुन्हा कुठल्या गाडीची घोषणा झाली. मग दादा म्हणाला की बस लागलीय, आईले सांग, आणि फोन ठेवला.